मांडीवर मावणारं आकाश

बारामतीच्या धावपट्टीवर एक छोटं विमान उभं आहे. इंजिन अजून सुरू झालेलं नाही. आत बसलेल्या विद्यार्थी वैमानिकाच्या मांडीला पट्ट्यानं एक छोटी फळी बांधलेली आहे. फळीवर एक कागद आहे आणि कागदावर पेन्सिलीनं लिहिलंय : दौंड, ९ मिनिटं. घोड नदी, १७. पारनेर, २९. मुळा, ४३. प्रवरा, ५०. काकडी, ५५.

काकडी म्हणजे कोपरगाव तालुक्यातलं गाव. शिर्डीचा विमानतळ तिथं आहे, १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला.

आता जरा थांबा आणि त्या कागदाकडे पुन्हा बघा. हे एसटीचं वेळापत्रक नाही. एसटीखाली रस्ता असतो, रस्त्याकडेला मैलाचे दगड असतात, आणि रस्ता बसला सोडून कुठं जात नाही. इथं वाट नाही. ज्या हवेतून जायचं ती हवा स्वतःच चालते आहे, तीही दर हजार फुटांवर वेगळ्या दिशेनं. तरीही उड्डाणानंतर नवव्या मिनिटाला त्या विद्यार्थ्यानं उजवीकडे पाहिलं, तर भीमेच्या काठी दौंडचं भलंमोठं रेल्वे जंक्शन पसरलेलं दिसायला हवं. आणि ते दिसतं! कागदानं हे आधीच कसं ओळखलं?

या कागदाला उड्डाण-नियोजनाचा तक्ता म्हणता येईल, पण फ्लाइंग स्कूलमधली मुलं त्याला ‘नॅव्ह लॉग’ म्हणतात. नव्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो साधाच : कुठला तक्ता घ्यायचा? नमुने तर ढीगभर मिळतात. कुणाचे सहा रकाने, कुणाचे बावीस. एक आडवा, एक उभा. वाटतं, कुठलाही घेतला तरी काय बिघडतं? पण एकेका रकान्याचं झाकण उघडून आत डोकावलं की कळतं, प्रत्येकात काही शतकांची अक्कल भरून ठेवलेली आहे.

अगदी ‘लॉग’ या शब्दातही. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकत. तुकडा पाण्यावर जवळजवळ जागच्या जागी राही, जहाज पुढं जाई आणि दोरी सुटत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत, सुमारे ४७ फुटांवर एक. वाळूचं २८ सेकंदांचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून जितक्या गाठी निसटल्या, तितका जहाजाचा वेग. तो आकडा ज्या वहीत टिपायचा ती लॉगबुक. आणि इंग्रजीत गाठीला म्हणतात नॉट. आजही शिर्डीला उतरणाऱ्या विमानाचा वेग नॉटमध्येच सांगतात, म्हणजे ‘गाठीं’मध्ये! वाळूचं घड्याळ गेलं, ओंडका गेला, समुद्रही मागं राहिला, पण ती गाठ अजून सुटलेली नाही.

गाठ म्हणजे तासाला एक सागरी मैल. हा सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. किती अडनिडा आकडा! हजार नाही, दोन हजार नाही. मग विमानवाले तो सोडून सरळ किलोमीटर का वापरत नाहीत?

कारण हा मैल पृथ्वीवरूनच कापून काढलेला आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत अक्षांशाचे ९० अंश, आणि प्रत्येक अंशाचे ६० भाग, ज्यांना मिनिटं म्हणतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर एक सागरी मैल. आता गंमत बघा. बारामतीची धावपट्टी साधारण १८ अंश १४ मिनिटांवर आहे, काकडीची १९ अंश ४१ मिनिटांवर. वजाबाकी करा : १ अंश २७ मिनिटं, म्हणजे ८७ मिनिटं. झालं! बारामतीहून काकडी ८७ सागरी मैल उत्तरेला आहे. ना पट्टी लागली, ना गुणाकार. नकाशाच्या कडेला छापलेली अक्षांशांची शिडी हीच मोजपट्टी.

रेखांशाच्या बाबतीत मात्र ही युक्ती फसते. मोसंबीच्या फोडी आठवा. मधोमध रुंद असतात आणि देठाकडे निमुळत्या होत जातात. रेखांशांमधलं अंतर तसंच ध्रुवाकडे आकसत जातं. काकडी बारामतीपेक्षा १२ मिनिटं पश्चिमेला आहे, पण आपल्या अक्षांशावर ती १२ मिनिटं भरतात जेमतेम ११ मैलांची. ८७ उत्तरेला, ११ पश्चिमेला. शाळेतला पायथागोरस उरलेलं काम करतो : सरळ अंतर सुमारे ८८ सागरी मैल, म्हणजे १६३ किलोमीटर. दिशा जवळजवळ उत्तर, किंचित डावीकडे कललेली, ३५३ अंश. तक्त्यातले दोन रकाने भरले.

तिसरा रकाना चुंबकाचा.

नकाशावरची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर या दोन वेगळ्या असतात. होकायंत्र भौगोलिक ध्रुवाकडे बोट दाखवत नाही. ते पृथ्वीच्या पोटात, हजारो किलोमीटर खाली फिरणाऱ्या वितळलेल्या लोखंडाचं ऐकतं. ते लोखंड सतत हलतं आहे, म्हणून चुंबकीय उत्तरही हलते. अलीकडच्या काही दशकांत तो ध्रुव कॅनडाच्या बाजूनं सायबेरियाकडे वर्षाला कित्येक किलोमीटर या चालीनं सरकत गेला. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला दोन उत्तरांमध्ये वीस अंशांहून जास्त तफावत पडते. तिथला विद्यार्थी हा रकाना विसरला तर त्याची वाटच चुकली. आणि आपल्याकडे? हा फरक जिथं शून्य असतो ती रेषा भारताच्या अंगावरूनच जाते. बारामती-शिर्डीच्या पट्ट्यात तफावत एका अंशाहूनही कमी आहे. निसर्गानं आपल्या विद्यार्थ्यांना दिलेली ही सवलतच!

ही तफावत मोजणारी माणसं फार लांबची नाहीत. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या आणि प्रश्न उभा राहिला. ट्रामच्या विजेनं चुंबकाची सुई थरथरणार, मग पृथ्वीचा आवाज ऐकायचा कसा? तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधली, अलिबागला. तिथं चुंबकाला खेचणारी वस्तू वापरायची नाही असा नेम धरून इमारती उभारल्या आणि १९०४ मध्ये वेधशाळा तिकडे हलली. तेव्हापासून तिथं नोंदी चालू आहेत. विद्यार्थी तक्त्यातल्या ‘व्हेरिएशन’च्या चौकटीत पेन्सिलीनं शून्य मांडतो, तेव्हा त्या शून्यामागं ही सगळी धडपड असते. म्हणूनच मला वाटतं, फरक शून्य असला तरी हा रकाना नसलेला तक्ता घेऊ नये. शून्य लिहिणं आणि रिकामं सोडणं यात फार अंतर आहे. रिकामी चौकट विसरल्याचीही असू शकते.

आता वाऱ्याकडे येऊ. खरी जादू इथंच आहे.

प्रवरासंगमला, प्रवरा आणि गोदावरी भेटतात तिथं, पावसाळ्यातला नावाडी डोळ्यांसमोर आणा. समोरच्या काठावरच्या घाटाला नाव लावायची तर तो घाटाकडे नाव रोखत नाही. नाकाड थोडं प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो. नाव तिरकी दिसते, पण जाते सरळ. किती तिरकी धरायची, हे त्याला हात सांगतात.

विमानाला अख्खं आकाश म्हणजे अशी नदी. समजा विमान हवेतून १०० नॉटनं जातंय आणि पश्चिमेकडून २० नॉटचा वारा आहे. विद्यार्थ्यानं वारा विचारात न घेता नाक ३५३ अंशांवर रोखून ठेवलं, तर काय होईल? ५३ मिनिटं विमान इमानदारीनं उत्तरेकडे नाक करून उडेल, आणि तेवढ्या वेळात वाऱ्यानं त्याला पूर्वेकडे वाहून नेलेलं असेल जवळजवळ १८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर. खाली पाहावं तर शिर्डी कुठंच नाही. श्रीरामपूर मागं पडलेलं आणि पुणतांबा चक्क डाव्या हाताला! आत बसलेल्याला मात्र काहीच जाणवलेलं नसतं. वाऱ्याचा धक्का नाही की कलंडणं नाही. कारण विमान त्या हवेतच आहे. वाहत्या नदीत तरंगणाऱ्या पानाला प्रवाह जाणवतो का?

म्हणून नावाड्याचे हात कागदावर आणावे लागतात. एक बाण विमानाचा, एक वाऱ्याचा, तिसरा जमिनीवरच्या खऱ्या वाटेचा. तिन्ही मिळून त्रिकोण पुरा झाला की उत्तर समोर येतं : नाक साडेअकरा अंश डावीकडे, म्हणजे ३४२ अंशांवर ठेवा. जमिनीवरचा वेग पडेल ९६ नॉट. वेळ ५३ ऐवजी ५५ मिनिटं. सुरुवातीच्या त्या यादीतली दौंडची नऊ आणि पारनेरची एकोणतीस मिनिटं याच ९६ मधून आलेली आहेत. वारा आडवा होता, समोरून नव्हता, तरी त्यानं दोन मिनिटं खाल्लीच. तिरकं चालायला थोडी जास्तीची मेहनत पडते, तिचा हा हिशेब.

पण सहा-साडेसहा हजार फुटांवर वारा किती आहे हे सकाळी जमिनीवर बसून कळतं कसं? त्यासाठी जगभर दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, फुगे सोडले जातात. खाली लटकवलेली छोटी पेटी वर जाता जाता तापमान, दाब आणि दमटपणा सांगत जाते आणि फुगा किती वाहवत गेला यावरून वारा कळतो. आपल्या घड्याळात या वेळा येतात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या. मुंबईचा फुगा वर निघतो त्याच सुमारास जपानमधला आणि ब्रिटनमधलाही निघतो. सारी पृथ्वी एकाच वेळी श्वास रोखून आपल्या हवेची नाडी तपासते म्हणा ना! त्या नाडीतले दोन आकडे, दिशा आणि वेग, तक्त्यातल्या ‘वारा’ या बोटभर चौकटीत येऊन बसतात.

हा त्रिकोण सोडवायला विद्यार्थ्याकडे आणखी एक नवल असतं. तळहाताहून थोडी मोठी गोल चकती, एकात एक फिरणारी. तिला फ्लाइट कॉम्प्युटर म्हणतात, पण तिला बॅटरी नाही, पडदा नाही, बटण नाही. नेपिअरनं १६१४ मध्ये लॉगॅरिदम जगापुढं मांडले आणि गुणाकाराची बेरीज करून टाकली. पुढं कुणी ती बेरीज लाकडी पट्ट्यांवर आणली, कुणी पट्टी वळवून गोल केली. १९३० च्या दशकात फिलिप डाल्टन या तरुण अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं त्या चकतीच्या पाठीवर वाऱ्याचा त्रिकोण बसवला. वाऱ्याची दिशा फिरवायची, पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं, चकती सरकवायची, आणि टिंब स्वतःच सांगतं किती अंश डावीकडे वळायचं. डाल्टन १९४१ मध्ये एका विद्यार्थ्याला शिकवताना झालेल्या विमान अपघातात गेला. त्याची चकती जवळजवळ त्याच रूपात आजही मुलांच्या पिशवीत असते.

एवढ्या भांडवलावर माणसं कुठवर गेली ते पाहा. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गनं न्यूयॉर्क ते पॅरिस ही वाट नकाशावर शंभर-शंभर मैलांच्या तुकड्यांत मांडली, प्रत्येक तुकड्याला होकायंत्राचा नवा आकडा. मग तेहतीस तासांहून अधिक वेळ, एकटा, रेडिओशिवाय, ते आकडे पाळत गेला. अटलांटिक ओलांडून आयर्लंडचा किनारा दिसला, तेव्हा तो ठरवलेल्या रेषेपासून अगदी थोडे मैल बाजूला होता. पाचच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्याही विमानात वाट सांगणारा रेडिओ नव्हता. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि आधी करून ठेवलेला हिशेब, बस.

आता एक असा रकाना, जो अनेक तक्त्यांत नसतोच. नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये, उडणाऱ्यानं मात्र तो मागून घ्यावा : तापमान आणि हवेची घनता.

काकडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण मानलेलं तापमान ११ अंश. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पारा ४२ वर जातो, म्हणजे ३१ अंश जास्त. तापलेली हवा फुगते, विरळ होते. विमानाच्या पंखाला धरायला हवेचे कण कमी मिळतात, इंजिनाला श्वास कमी मिळतो आणि पंख्याच्या पात्यांची पकडही सैल होते. वैमानिकांचा ठोकताळा असा : प्रमाणापेक्षा दर अंश जास्त तापमानाला सुमारे १२० फूट मिळवा. ३१ गुणिले १२०, म्हणजे ३,७०० फूट. त्यात मूळचे १,९०० घाला. ५,६००!

आणि कळसूबाईची उंची किती? १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, याच जिल्ह्यातलं, अकोले तालुक्यातलं. म्हणजे एप्रिलमधल्या तापलेल्या दुपारी काकडीची सपाट धावपट्टी विमानाच्या लेखी कळसूबाईच्या माथ्याहून उंच जाऊन बसते! डोळ्यांना ती आहे तिथंच दिसते, भोवतीची शेतंही हलत नाहीत, पण पंखाला विचाराल तर तो म्हणेल, मी आत्ता डोंगराच्या टोकावर आहे. सकाळी साडेसातला जे विमान चटकन उचललं गेलं, तेच दुपारी अडीचला धावतच राहतं, आणि वर चढतं तेही जिवावर आल्यासारखं. हे आकडे मांडले तेव्हापासून नगरच्या उन्हाकडे मी वेगळ्याच नजरेनं बघतो.

इंधनाच्या रकान्याबद्दल थोडक्यात. छोटं चार आसनी विमान तासाला तीसेक लिटर पितं. तेव्हा जाण्याचं इंधन, उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, त्यावर राखीव, सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहायचं. एकाच ओळीत बेरीज मागणारा तक्ता मला पटत नाही.

उंचीच्या रकान्यात मात्र पुन्हा थांबावं लागतं. उत्तरेला, म्हणजे ३५३ अंशांवर जाताना या विद्यार्थ्यानं ६,५०० फूट निवडले आहेत. परत येताना तो ५,५०० किंवा ७,५०० निवडेल. का? कारण जगातल्या बहुतेक देशांनी एक साधा नियम मान्य केला आहे. शून्य ते १७९ अंशांच्या दिशेनं जाणाऱ्यानं विषम हजार अधिक पाचशे, आणि १८० ते ३५९ वाल्यानं सम हजार अधिक पाचशे. एवढ्यानं समोरासमोर येणारी दोन विमानं आपोआप हजार फूट वर-खाली होतात. दोन अनोळखी वैमानिक, एकमेकांशी एक शब्द न बोलता, घरी बसून भरलेल्या कागदाच्या जोरावर एकमेकांना वाट देतात! (जमिनीपासून फार खाली उडताना हा नियम लागत नाही, पण आपला विद्यार्थी पुरेसा वर आहे.)

तर मग तक्ता कुठला घ्यायचा? इंटरनेटवर सापडणारे बहुतेक नमुने अमेरिकन. देखणे असतात, पण ते वेगळ्या आकाशासाठी बेतलेले. हवेचा दाब त्यांना पाऱ्याच्या इंचांत हवा असतो आणि आपला हवाई नियंत्रक सांगतो हेक्टोपास्कलमध्ये. इंधन ते गॅलनमध्ये मागतात. आपल्याकडे उड्डाणापूर्वी फ्लाइट प्लॅन भरल्यावर एफआयसी आणि एडीसी असे दोन क्रमांक मिळतात. एक उड्डाणाची माहिती ठेवणाऱ्या केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षणाच्या परवानगीचा. अमेरिकन तक्त्यात त्यांना जागाच नसते. मग ते कुठंतरी समासात लिहिले जातात आणि नेमके हवे तेव्हा सापडत नाहीत.

घड्याळाचंही तसंच. विमानांचं सारं जग एकच घड्याळ पाळतं, ग्रिनिचच्या रेखांशाचं. बारामतीत सकाळचे साडेसात वाजले की तक्त्यावर लिहायचं ०२:००. सुरुवातीला साडेपाच तास वजा करताना बोटं मोजावी लागतात. म्हणून ज्या तक्त्यात दोन्ही वेळांना शेजारी-शेजारी घर आहे, तो विद्यार्थ्याच्या भल्याचा.

रकान्यांचा क्रम त्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा. हिशेब ज्या क्रमानं डोक्यात चालतो त्याच क्रमानं चौकटी याव्यात : आधी वाट, मग वारा, मग नाक, मग वेग, मग वेळ, शेवटी इंधन. डोळा डावीकडून उजवीकडे एकदाच गेला पाहिजे. उलटसुलट उड्या मारायला लावणारा तक्ता टेबलावर फक्त कंटाळा आणतो, हवेत तो चूक घडवतो. आणि चौकटी मोठ्या हव्यात. विमान थरथरत असतं, एक हात दांड्यावर असतो आणि दुसऱ्या हातानं लिहायचं असतं. टेबलावर सुबक वाटलेली चौकट सहा हजार फुटांवर मुंगीएवढी होते.

कागदाच्या मापातही एक आश्चर्य आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ए-फोर कागद मधोमध दुमडला की होतो ए-फाइव्ह, आणि दोघांचा आकार हुबेहूब एकच, फक्त लहान. कुठलाही कागद असा दुमडत नाही. लांबी आणि रुंदीचं प्रमाण दोनच्या वर्गमुळाइतकं असलं तरच ही किमया घडते. म्हणून नगरच्या चितळे रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला ‘७१ टक्क्यांवर आणा’ एवढं म्हटलं की टेबलावरचा मोठा तक्ता न वाकता, न कापला जाता मांडीवरच्या फळीएवढा होतो. माझं मत विचाराल तर दोन तक्ते ठेवावेत. घरी सगळा हिशेब मांडायला मोठा, आणि हवेत न्यायला छोटा, ज्यात फक्त उत्तरं आहेत.

कुणी म्हणेल, टॅब्लेट हे सारं क्षणात करतो. करतो, आणि फार सुंदर करतो. पण काचेतून येणाऱ्या उन्हात टॅब्लेट तापून बंद पडू शकतो आणि कागद पडत नाही. त्याहून मोठं कारण असं, की ज्यानं त्रिकोण हातानं सोडवला आहे त्याला ३४२ ऐवजी ००४ दिसलं की लगेच खटकतं. वारा डावीकडून आहे, मग नाक उजवीकडे कसं? हातानं हिशेब केलेल्या माणसाला आकड्याचा वास येतो.

मोठ्या परवान्याआधी ही सवय मुरावी लागते. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी निदान २०० तासांचं उड्डाण हवं, आणि त्यात स्वतःच्या जबाबदारीवर केलेली, किमान ३०० सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरलेली एक फेरी.

नकाशावरची रेषाही नुसती सरळ ओढून भागत नाही. आपली रेषा पारनेरच्या पुढं सरकते तेव्हा उजव्या हाताला के. के. रेंज येते. खारेकर्जुने गावावरून नाव पडलेली ही लष्कराची सरावभूमी. तिथं रणगाडे आणि तोफा खऱ्या दारूगोळ्यानं सराव करतात. तिथली हवा आज मोकळी आहे का, हे आधी पाहायचं. नसेल तर पारनेरपाशी एक वळणबिंदू ठेवून रेषा पश्चिमेकडे वाकवायची, आणि तक्त्यात ओळ वाढवायची.

आता चला, उडू या. तक्त्यातले दोन रकाने मुद्दाम रिकामे ठेवलेले आहेत : प्रत्यक्ष वेळ आणि प्रत्यक्ष जागा. ते फक्त हवेत भरता येतात. घोड नदी मागं पडली, पुणे जिल्हा संपून नगर सुरू झालं, आणि ३० मैल झाल्यावर विद्यार्थ्याच्या लक्षात येतं की आपण रेषेच्या एक मैल उजवीकडे आहोत. वारा सांगितल्याहून जोरात असणार. आता चकती नको, त्रिकोण नको. एकच ओळ पाठ असली की पुरे : साठ मैलांवर एक मैल म्हणजे एक अंश. मग तीस मैलांवर एक मैल म्हणजे दोन अंश. तेवढं डावीकडे वळलं की विमान रेषेला समांतर जाईल. पुढं ५८ मैल उरलेत, तेवढ्यात तो एक मैल भरून काढायला आणखी एक अंश. एकूण तीन. ३४२ चे करा ३३९. पाच सेकंदांत! वर्तुळाची त्रिज्याच परिघावर गुंडाळली तर सुमारे ५७ अंश व्यापते. ५७ ला ६० मानलं की सगळी त्रिकोणमिती बोटांवर येते, आणि चूक इतकी लहान पडते की होकायंत्रावर दिसतही नाही.

पारनेर डावीकडून सरकतं. मुळेचं पात्र, आणि दूर उजवीकडे धरणाचं चमकतं पाणी. मग प्रवरेकाठचा उसाचा हिरवा पट्टा. प्रत्येक खुणेला पेन्सिल एक वेळ टिपते.

काकडीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांवर रंगवलेत ०९ आणि २७, म्हणजे ९० आणि २७० अंश. आता आठवा, वारा कुठून येतोय? पश्चिमेकडून, २७० वरून. पंचावन्न मिनिटं ज्यानं विमानाला आडवं ढकललं तोच वारा, विमान २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे वळताच, बरोबर नाकासमोर येतो. पंखांखाली तो धरून राहतो आणि जमिनीवरचा वेग २० नॉटनं कमी करतो. ज्याच्याशी सकाळपासून भांडण, तोच अलगद खाली ठेवतो.

चाकं टेकतात. विमान धावपट्टी सोडून बाजूला येतं आणि थांबतं. विद्यार्थी मांडीवरच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे बघतो. अंदाजाच्या रकान्यात सकाळी लिहिलेलं आहे ०२:५५. शेजारच्या रिकाम्या चौकटीत तो पेन्सिलीनं लिहितो, ०२:५६.